कुंजा

मे महिन्यात अल्मोड्याकडे जाणारी बस वळणावर हळू झाली की खिडकीतून आधी वास आत येतो. फूल मागाहून दिसतं. मेहलाच्या, म्हणजे रानटी नासपतीच्या झाडावर चढून पलीकडे ओसंडलेली पांढरी जाळी. पाच पाकळ्या, मध्ये पिवळे केसर, आणि एकेका घोसात कितीतरी फुलं. हा हिमालयातला रानगुलाब. कुमाऊंत याला कुंजा म्हणतात. आपल्या जुन्या निघंटूंतला कुब्जक तो हाच, असं मानतात. जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२० साली त्याला रोझा ब्रुनोनाय हे नाव दिलं.

मी पुण्याची. यजमानांची शेवटची नेमणूक रानीखेतला झाली आणि आम्ही इथेच घर केलं. पुण्यात गच्चीवर गुलाबाच्या तीस कुंड्या होत्या, त्यामुळे गुलाब मला कळतो असं मी धरून चालले होते. पहिल्याच वर्षी, ऐन बहरात, शेजारच्या शेताच्या बांधावरचं कमरेएवढं कुंजाचं झुडूप मालकाला विचारून खणून आणलं. आठ दिवसांत ते वाळलं. फार वाईट वाटलं मला. ते झुडूप माझ्याआधी कितीतरी वर्षं तिथे उभं होतं.

वरच्या घरातल्या आमा (इथे आजीला आमा म्हणतात) ते पाहून गेल्या. म्हणाल्या, “फुलात असलेल्याला कोण हलवतं? पूस-माघात ये. आणि म्हातारं झाड नको, पोर घे.”

त्यांच्या बोलण्यातलं कारण मला नंतर उमगलं. झुडूप उपटताना जाड मुळं हाती येतात, पण पाणी ओढतात ती केसासारखी बारीक मुळं; ती मातीतच तुटून राहतात. वर पानं-फुलं पाणी मागत असतात, खाली देणारं कोणी नसतं. जानेवारीत कुंजा बराचसा निष्पर्ण होऊन निजलेला असतो, तेव्हा त्याची मागणीच कमी असते. शिवाय खणून काढायचीही फारशी गरज नाही. कुंजाच्या लांब कमानदार फांद्या जिथे जमिनीला टेकतात, तिथे ओल मिळाली की आपोआप मुळं धरतात. आपण ज्याला दाब कलम म्हणतो, ते हा स्वतःच करून ठेवतो. आमांनी पालापाचोळा हाताने सारून तसं एक रोप दाखवलं. आईकडची फांदी कात्रीने तोडली, मुळांभोवतीचा मातीचा गोळा तसाच ओल्या गोणपाटात गुंडाळला. इथला वारा कोरडा. उघडी पडलेली मुळं घरी येईपर्यंत सुकतात.

दीड फुटाचा खड्डा, तळाशी पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि मुळं न दुमडता पसरून लावणी. वरची फांदी दोन-तीन डोळे ठेवून छाटली. पहिल्या वर्षी रासायनिक खत अजिबात नाही. आळ्यावर बांजाच्या, म्हणजे इथल्या ओकच्या पानांचं जाड आच्छादन घातलं. एप्रिल-मे इथे पाण्याचे कठीण महिने, तेव्हा त्या आच्छादनानेच रोप जगलं.

रोप जगलं, वाढलं, पण तीन वर्षं एक फूल नाही! चूक पुन्हा माझीच होती. पुण्यात पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी, आणि दीड महिन्यात कळ्या. ते विलायती संकरित गुलाब नव्या फुटव्यावर फुलतात. कुंजा वर्षातून एकदाच फुलतो, तोही गेल्या वर्षीच्या फांद्यांवर. मी दर हिवाळ्यात मन लावून नेमक्या त्याच फांद्या कापत होते. आता कात्री लावते ती बहर सरल्यावर, पावसाच्या तोंडावर. तीही बुंध्याशी, फक्त जुन्या, थकलेल्या फांद्यांना. बाकी त्याला सोडून द्यायचं. त्याचे काटे मागे वळलेले, आकड्यांसारखे असतात. त्यांच्या आधाराने तो वीस-पंचवीस फूट सहज चढतो. म्हणून जागा निवडताना आधी आधाराचं झाड बघावं. दाराजवळ किंवा पायवाटेला तर लावूच नये.

आणि रोप कुठून आणता, याला मी लागवडीइतकंच महत्त्व देते. राखीव जंगलातून रोप काढणं १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. वनपंचायतीच्या जंगलातही गावाला विचारल्याशिवाय हात लावू नये. खासगी बांधावरून, मालकाच्या होकाराने, एखादंच रोप घ्यावं. रस्ता रुंद होताना जेसीबीखाली जाणारी झुडपं दिसली की मात्र माझ्याने राहवत नाही. तिथल्या माणसांना विचारून त्या झुडपांच्या फांद्या वाचवून आणते.

पुण्याची बहीण दरवर्षी रोप मागते. मी पाठवत नाही. या झाडाला हिवाळ्याची खरी थंडी लागते. तिच्या गच्चीवर त्याचे हाल होतील. तिला म्हणते, मे महिन्यात तूच ये.

पाचव्या वर्षी कुंजा मेहलाच्या शेंड्यापर्यंत फुलला. सकाळी मधमाश्यांचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो. कुंपणाकडे झुकलेली एक फांदी मातीला टेकली आहे, परवा हलवून पाहिली तर घट्ट. ती या जानेवारीत आमांच्या नातसुनेला द्यायची आहे.