जोडीचा फोटो नसतानाही मशीन चित्र कसे बदलते?

नाचणगावच्या शिवाराचा मे महिन्यातला फोटो घ्या. सगळे उजाड. हाच फोटो पावसाळ्यात कसा दिसेल, हे कॉम्प्युटरला शिकवायचे आहे. पण त्याच क्षणाचा हिरवा फोटो आपण आणणार कुठून? आपल्याकडे उजाड फोटोंचा एक ढीग आणि हिरव्या फोटोंचा दुसरा ढीग, एवढेच असते.

या कामासाठी दोन प्रोग्राम समोरासमोर बसवतात. एक शिकाऊ कारागीर, दुसरा पारखी उस्ताद. कारागीर नकली हिरवे चित्र बनवतो, उस्ताद असली-नकली ओळखतो. ही पद्धत इयान गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडली. तिचे नाव 'गॅन'.

अडचण अशी की ही जोडी लवकर बिघडते. उस्ताद फारच हुशार झाला तर प्रत्येक वेळी नुसते 'नकली' म्हणतो, मग कारागीर शिकणार काय? कधी कारागिराला एक युक्ती सापडते आणि तो तेच ते चित्र काढत बसतो.

२०१७ मध्ये बर्कले विद्यापीठातील संशोधकांनी 'सायकलगॅन' आणले. त्यात तीन उपाय आहेत. पहिला, नुसते हो-नाही नको, चूक किती मोठी तेही मोजायचे. दुसरा, उस्तादाला कारागिराची आधीची चित्रेही दाखवायची. त्यासाठी ५० चित्रांचा साठा ठेवतात. तिसरा, हिरवे केलेले शिवार परत उजाड करायचे, आणि ते मूळ फोटोशी जुळले पाहिजे.

काम स्थिर झाले, म्हणजे चित्र खरे झाले का? नाही. २०१८ मध्ये संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवर अशा पद्धती तपासल्या. शिकवताना दिलेल्या ढिगात गाठीचे स्कॅन जास्त असले की मशीन निरोगी मेंदूतही गाठ काढायचे. निरोगी स्कॅनच दिले तर खरी गाठ पुसून टाकायचे. कारण उस्ताद एवढेच बघतो की चित्र ढिगातल्यासारखे दिसते का. समोरचा पेशंट कोण, हे त्याला माहीत नसते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: मोबाईलवर शिवार हिरवे करा, मजा घ्या. पण अम्मी-अब्बांचा एक्स-रे किंवा एमआरआय कुठल्या ॲपमधून 'साफ' करून डॉक्टरांना पाठवू नका. मूळ फिल्म किंवा सीडी जपून ठेवा आणि तीच दाखवा.