पिशवीची सूज आणि पडलेला गर्भ

'पिशवीला सूज आहे' हे वाक्य जालना जिल्ह्यात काम करताना मी रोज ऐकते. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून बाई येते, घडी घालून घालून विरलेला सोनोग्राफीचा कागद पुढे करते आणि म्हणते, "मॅडम, पिशवीला सूज हाय, म्हणून दोनदा पोट पडलं." सोबतची सासू पुढचं बोलते, "काढून टाका म्हणलं व्हतं, पर आजून लेकरू न्हाई." जंतूंची लागण, गर्भ पडणं आणि पिशवी काढणं, या तीन गोष्टी इथे एकातच कालवल्या गेल्या आहेत. आज मला त्या वेगळ्या करून सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट त्या कागदाची. 'पिशवी किंचित मोठी' असं सोनोग्राफीत लिहून आलं म्हणजे लागण झाली असं होत नाही. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. लागण ओळखायची ती हाताने तपासून. ओटीपोटात दुखतं का, पिशवीचं तोंड हलवल्यावर कळ येते का, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास आहे का, ताप येतो का, हे पाहावं लागतं. ही तपासणी पाच मिनिटांची असते आणि तीच बहुतेक वेळा राहून गेलेली असते.

निसर्गाने गर्भाशयाला चांगला बंदोबस्त दिला आहे. योनिमार्गात आपल्या दह्यातल्या जंतूंच्याच जातकुळीतले उपकारक जंतू राहतात. ते तिथे आम्लता राखतात आणि परक्या जंतूंना वाढू देत नाहीत. त्याच्यावर पिशवीच्या तोंडाशी चिकट स्रावाचं बूच असतं. शिवाय आतलं अस्तर दर महिन्याला पाळीबरोबर गळून जातं. हा बंदोबस्त ढिला पडतो तो पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात, गर्भपातानंतर, आणि नवऱ्याकडून गुप्तरोगाचे जंतू आले तर. मिठाच्या किंवा जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुणाऱ्या बायकाही पुष्कळ भेटतात. त्यांना वाटतं स्वच्छता झाली; प्रत्यक्षात त्या आपलेच राखणदार धुऊन टाकत असतात.

आता गर्भ पडण्याविषयी. दिवस गेल्याचं कळल्यानंतर शंभरातले दहा ते पंधरा गर्भ पडतात, आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. यातल्या जवळपास निम्म्या वेळा कारण गर्भातच असतं. स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र येताना गुणसूत्रांची संख्या चुकते आणि तो गर्भ वाढूच शकत नाही. हंडा उचलला, पपई खाल्ली, गाडीवर बसली, अमावास्येला बाहेर पडली, यांचा त्याच्याशी संबंध नाही. एकदा पोट पडलेल्या बहुतेक बायकांचं पुढचं बाळंतपण नीट होतं. दोन-तीनदा तसं झालं तर मात्र मधुमेह, थायरॉईड, रक्त गोठण्याचे दोष आणि पिशवीची ठेवण हे सगळं तपासायला हवं.

मग जंतूंचा वाटा कुठे येतो? फलित बीज साधारण आठवड्याभराने पिशवीच्या अस्तरात रुजतं. अस्तरात जुनी, मंद लागण असेल तर ती जमीन रुजायला चांगली राहत नाही. वारंवार गर्भ पडणाऱ्या काही स्त्रियांच्या अस्तरात अशी लागण सापडते. मात्र तीच कारण आहे असं दरवेळी छातीठोकपणे सांगता येत नाही. आपल्याकडे क्षयाचे जंतूही गर्भनलिका आणि अस्तरात घर करतात, आणि बाईला खोकला मुळीच नसतो. नलिका खराब झाली तर गर्भ पिशवीत न पोहोचता नळीतच वाढू लागतो. ती फुटली तर जिवावर बेतते. दिवस गेलेले असताना पोटात एका बाजूला जोराची कळ आणि चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नये.

लागण आणि गर्भपात यांचं सगळ्यात घातक नातं मात्र उलट्या दिशेचं आहे. आधी गर्भ पडतो, काही भाग आत राहतो आणि त्यात जंतू वाढतात. गर्भपाताच्या गोळ्या तपासणी न करता दुकानातून आणून घेतल्या तर हा धोका फार. १९७१च्या कायद्याने गर्भपात मान्यताप्राप्त ठिकाणी, डॉक्टरांच्या देखरेखीत करून घेता येतो, हे अजून कित्येक घरांत माहीत नाही. पोट पडल्यानंतर ताप, घाण वास, वाढत जाणारं दुखणं किंवा तासाला दोन घड्या भिजतील इतका रक्तस्राव, यांतलं एकही लक्षण अंगावर काढायचं नाही.

अंगावर काढणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांना तपासलं आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगभरच्या डॉक्टरांना या आकड्यांनी हलवलं.

तीस वर्षांनी, २०१९ साली, आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याचा आकडा आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींत एक. आधी तपासणीच नव्हती, आता थेट शस्त्रक्रिया. मधली औषधाची पायरी कुठेच दिसत नाही. जालन्यातूनही दरवर्षी कोयते जातात. उचल घेतलेली असते, एक दिवस बुडाला की खाडा पडतो, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पाळीची घडी ओलीच वापरावी लागते. अशात 'एकदाच काढून टाकू, कटकट जाईल' हे बाईला पटतं, यात मला नवल वाटत नाही. मला राग येतो तो कर्करोगाची भीती घालून तिला टेबलावर घेणाऱ्यांचा. पिशवीबरोबर बीजकोषही गेले तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडं ठिसूळ होतात.

ही मधली पायरी महागडी नाही. ओटीपोटातल्या लागणीसाठी सरकारी दवाखान्यांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये पिवळ्या रंगाचं औषधांचं पाकीट मोफत देण्याची पद्धत आहे. एक गोळी एकदाच, बाकीची दोन औषधं सकाळ-संध्याकाळ १४ दिवस. (दिवस गेलेले असतील तर आधी सांगायचं, कारण त्यातलं एक औषध तेव्हा चालत नाही.) एका गोळीने तोंड कडू होतं, मळमळतं, म्हणून चौथ्या दिवशी बरं वाटलं की बायका पाकीट ठेवून देतात आणि दुखणं परत येतं. नवऱ्याचाही उपचार त्याच वेळी व्हायला हवा. तो नसेल तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. योनिमार्गातला जंतूंचा समतोल बिघडण्याचा जो नेहमीचा आजार आहे, त्यातही नवऱ्याला औषध दिल्यास उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियातल्या पाहणीने २०२५ साली दाखवलं. फक्त बायकोला औषध दिलं तेव्हा ६३ टक्के जणींचं दुखणं बारा आठवड्यांत उलटलं. दोघांना दिलं तेव्हा ३५ टक्के.

दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरायच्या आधी दोन-तीन आठवडे हातात असतात. तपासणी तेव्हाच करून घ्यावी, म्हणजे १४ दिवसांच्या गोळ्या घरीच पूर्ण होतील. पाळी चुकलेली असेल तर तेही निघण्याआधी तपासावं. ते घरी कळलं तर सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या इथेच होतात. फडावर कळलं तर बहुधा रक्तस्राव सुरू झाल्यावरच कळतं.