आईची खोली, आईचाच होकार

अमेरिकेत आई-वडिलांना नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धांची दीर्घकाळ देखभाल करणाऱ्या निवासी केंद्रात, ठेवावं लागलेल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आई आमची, पैसे आम्ही भरतो, मग तिच्या खोलीत कॅमेरा लावायला परवानगी कुणाची हवी?" हे म्हणणाऱ्याची काळजी खरी असते. अंगावर वळ दिसतात, आईला नीट सांगता येत नाही आणि केंद्रातले लोक "पडल्या असतील" एवढंच म्हणतात. अशा वेळी कुणालाही कॅमेरा आठवेल.

तरीही हा समज चुकीचा आहे, आणि कितीदा सांगितलं तरी तो पुन्हा डोकं वर काढतो. खोली बिल भरणाऱ्याची नसते, तिथे राहणाऱ्या व्यक्तीची असते. होकार तिचा लागतो.

इलिनॉय राज्याचा अशा कॅमेऱ्यांविषयीचा कायदा पाहा. १ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. त्यानुसार कॅमेरा लावण्याआधी एक फॉर्म भरून केंद्राला द्यावा लागतो, आणि त्यात रहिवाशाला स्वतःच्या अटी घालता येतात : आवाज रेकॉर्ड करायचा नाही, आंघोळ आणि कपडे बदलताना, डॉक्टर तपासत असताना कॅमेरा बंद ठेवायचा किंवा झाकायचा, वकील, धर्मगुरू किंवा जोडीदार भेटायला आला की तेव्हाही. ऐंशी वर्षांच्या बाईला कपडे बदलताना कुणी पाहू नये असं वाटत असेल, तर तो तिचा हक्क आहे. पाहणारा पोटचा मुलगा असला तरी.

"पण आईला डिमेन्शिया आहे, तिला काय विचारायचं?" विचारायचंच. समजण्याची क्षमता उरली नसल्याचं डॉक्टरांनी ठरवलं, तर इलिनॉयमध्ये प्रतिनिधीला होकार देता येतो. पण त्याआधी केंद्रातल्या कर्मचाऱ्यासमोर तिला विचारावं लागतं. कसला कॅमेरा आहे, चित्रण कोण पाहणार, नाही म्हणता येतं, हे सगळं तिला सांगावं लागतं. तिने शब्दाने किंवा खुणेने नकार दिला, तर विषय तिथेच संपतो. मिनेसोटाचा कायदाही असाच आहे. स्मृती गेली म्हणजे माणसाची लाजही गेली असं गृहीत धरणाऱ्यांनी ही तरतूद पुन्हा पुन्हा वाचावी.

शेजारच्या पलंगावर दुसरं कुणी असेल, तर त्या व्यक्तीचाही लेखी होकार लागतो. तिने नकार दिला, तर खोली बदलून देण्याचा प्रयत्न केंद्राने करायचा असतो.

उलट टोकाचा गैरसमजही तितकाच घातक आहे : "हिपा कायद्यामुळे कॅमेरा बेकायदा ठरतो." काही केंद्रांचे व्यवस्थापकही हे ठामपणे सांगतात. १९९६ चा हिपा, म्हणजे रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा, रुग्णालयं, डॉक्टर, विमा कंपन्या अशा संस्थांना बांधतो. रहिवासी किंवा तिची मुलगी त्यात येत नाही.

"अमेरिकेत कॅमेऱ्याचा कायदा आहे" हेही अर्धवटच. देशभराचा असा कायदा नाही. टेक्सासने २००१ मध्ये सुरुवात केली. पुढे ओक्लाहोमा, इलिनॉय, मिनेसोटा आणि इतर काही राज्यं आली. ओहायोचा 'एस्थर्स लॉ' २०२२ मध्ये लागू झाला. क्लीव्हलंडमध्ये एका मुलाने छुप्या कॅमेऱ्यात आपल्या आईला, एस्थरला, होणारी मारहाण टिपली होती, त्यातून तो आला. आवाजाचं रेकॉर्डिंग हा तर वेगळाच प्रश्न आहे : काही राज्यांत बोलणाऱ्या सगळ्यांची संमती लागते.

कॅमेरा मागितला म्हणून केंद्र बाहेर काढेल, ही भीतीही अनेकांना असते. टेक्सास आणि इलिनॉयमध्ये तसं करायला मनाई आहे, आणि कॅमेऱ्यात मुद्दाम छेडछाड करणं हा गुन्हा आहे. मिनेसोटात सूड उगवला जाण्याची रास्त भीती असेल, तर केंद्राला न कळवता १४ दिवसांपर्यंत कॅमेरा ठेवता येतो. मात्र फॉर्म ऑम्बुड्समनच्या कार्यालयात, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारी पाहणाऱ्या यंत्रणेकडे, द्यावा लागतो. खर्च मात्र सर्वसाधारणपणे रहिवाशाचाच.

पुण्यातल्या वृद्धाश्रमातल्या आईची खोली न्यू जर्सीतून फोनवर पाहणाऱ्यांना अमेरिकेचे हे नियम लागू होत नाहीत. भारताच्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाश्रमांची तरतूद आहे, कॅमेऱ्यांचा उल्लेख नाही. तिथेही आधी आईला विचारायला कुणी अडवलेलं नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी कॅमेरा विकत घेण्याआधी आपल्या राज्याच्या आरोग्य विभागाचा असा फॉर्म असेल तर तो मागवावा, ऑम्बुड्समनला फोन करावा. ही सेवा प्रत्येक राज्यात आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. मारहाणीची शंका असेल, तर कॅमेऱ्याची वाट पाहू नये. तक्रार त्याच दिवशी करावी.