टस्कनीत फियाट, पुण्यात पावती!

‘अगं, इटलीहून तुझ्या नावाचं पाकीट आलंय!’ आईचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. ट्रिप होऊन आठ महिने झालेले. म्हटलं, कुणा हँडसम इटालियनचं पत्र की काय! पत्रच होतं, पण फ्लॉरेन्सच्या ट्रॅफिक दंडाचं. एक नाही, दोन.

सप्टेंबर २०२३. आई-बाबांना टस्कनी दाखवायची होती. आईचे गुडघे टूरवाल्यांच्या धावपळीला तयार नव्हते, म्हणून पिसा एअरपोर्टवर सेल्फ-ड्राइव्ह कार घेतली. काउंटरवर किल्ली मिळाली फियाट पांडाची, आणि बाबा एकदम सेंटी! आमची पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाट ११०० चाच कुर्ल्यात बनलेला देशी अवतार. ‘ही तर आपल्या पद्मिनीची नात गं!’ म्हणाले.

स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. पहिला अर्धा तास मी इंडिकेटर द्यायला गेले की वायपर फिरायचा. प्रत्येक चौकात बाबांचा जप सुरू, ‘उजवीकडे गं, उजवीकडे!’ पण दुपारपर्यंत हात बसला. सान जिमिन्यानोचे मनोरे, सिएना, सुरूच्या रांगा... मनात येईल तिथे थांबायचं, आईने डब्यातला चिवडा काढायचा. सॉलिड!

घोळ झाला फ्लॉरेन्समध्ये. हॉटेल जुन्या शहरात, आई थकलेली. जीपीएस म्हणाला जा, मी गेले. वाटेत लाल कडेची गोल पांढरी पाटी होती, खाली ‘वार्को आत्तिव्हो’ची अक्षरं. मला वाटलं, ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे रस्ता चालू आहे! प्रत्यक्षात अर्थ उलटा. कॅमेरा चालू आहे, परवानगी नसेल तर आत येऊ नका. याला म्हणतात झेडटीएल. तिथे पोलीस शिटी मारत नाही, कॅमेरा गुपचूप नंबर टिपतो. दुसऱ्या दिवशी बॅगा घ्यायला मी पुन्हा गाडी आत नेली. प्रत्येक एन्ट्री वेगळी, दंडही वेगळा. शिवाय माझा पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे कार कंपनीने कार्डवरून आधीच कापून घेतले होते.

सगळ्यात जास्त कशाने चरफडले सांगू? झेडटीएलमधली हॉटेलं पाहुण्यांच्या गाडीचा नंबर कळवून परवानगी मिळवून देऊ शकतात. आधी एक मेल टाकली असती तर काम झालं असतं.

तेव्हा तुम्ही जाणार असाल तर...

- आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. ते जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. मूळ लायसन्सही सोबत हवंच.
- डिपॉझिटसाठी ड्रायव्हरच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड ठेवा. विमा असला तरी नुकसानीचा किती भार आपल्यावर, ते सही करण्याआधी विचारा.
- गाडी घेताना आणि देताना चहूबाजूंनी व्हिडिओ काढा.
- पंपावर ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल, ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. इथे गडबड नको!
- पार्किंगच्या पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या राखीव.
- फ्लॉरेन्सला ए-वन हायवेवरच्या व्हिला कोस्तान्झाला गाडी लावा आणि टी-वन ट्रामने गावात जा.

दंड भरला त्या रात्री आई हळूच म्हणाली, ‘माझ्या गुडघ्यांपायी झालं ना हे? पुढच्या वेळी तुम्ही दोघंच जा.’ काळजात चर्र झालं. म्हटलं, ‘आई, गुडघ्यांचा काय दोष? पाटी मी वाचली नाही.’

बाबा काहीच बोलले नाहीत. उठले आणि दंडाची पावती पद्मिनीच्या आरसी बुकाच्या फाइलमध्ये लावून आले. मग आईकडे वळून म्हणाले, ‘आता सिसिली. पाट्या मी वाचतो, तू फक्त चिवडा कर.’