पांढरं घर आणि त्याखालचं भुयार

एक पांढरं घर. पुढचं दार फळ्या ठोकून बंद केलेलं. शेजारी टपालपेटी. पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही. दोन-चार वाक्यं आणि खाली लुकलुकणारा कर्सर. पुढे काय करायचं ते खेळणाऱ्यानं इंग्रजीत टाइप करायचं. पेटी उघडायला सांगितलं की ती उघडते, आत पत्रक सापडतं. घरात शिरून गालिचा सरकवला की तळघराचं झाकण दिसतं आणि त्याखाली अख्खं भूमिगत साम्राज्य. ‘झॉर्क’ या संगणकीय खेळाची ही सुरुवात. तो विकणारी अमेरिकेतली इन्फोकॉम कंपनी जेमतेम दहा वर्षं जगली.

एमआयटीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेतल्या मंडळींनी ती जून १९७९ मध्ये काढली, तेव्हा काय विकायचं हेच ठरलं नव्हतं! हाताशी ‘झॉर्क’ होता. मार्क ब्लँक, डेव्ह लेबलिंग, टिम अँडरसन आणि ब्रूस डॅनियल्स यांनी तो १९७७ पासून प्रयोगशाळेतल्या पीडीपी-१० या मोठ्या यंत्रावर हौसेखातर रचला होता. त्याआधीच्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळाला दोन शब्दांच्याच आज्ञा कळत, ‘झॉर्क’ला पुरं वाक्य कळे. (क्रियापद मात्र आधी हवं. ‘दिवा लाव’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना तिथं ‘लाव दिवा’ म्हणायची सवय करावी लागते.)

तोच घरगुती संगणकांसाठी विकायचा ठरला, पण अडचण जागेची होती. घरगुती संगणकांची स्मृती तुटपुंजी, शिवाय ॲपल, टीआरएस-८०, अटारी, कमोडोर यांपैकी एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. ब्लँक आणि कंपनीतलाच जोएल बेरेझ यांनी काढलेली तोड मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. त्यांनी झी-मशीन नावाचा एक काल्पनिक संगणक कागदावर रचला. खेळ लिहायचे ते त्याच्यासाठी. खऱ्या यंत्रावर फक्त त्याची नक्कल करणारा छोटा दुभाषी बसवायचा. बाजारात नवं यंत्र आलं की एक दुभाषी लिहिला, आणि जुने सगळे खेळ तिथं हजर. एवढं करूनही मूळ ‘झॉर्क’ मावेना, म्हणून त्याचे तीन भाग झाले. पहिल्याच्या तीन लाखांहून अधिक प्रती खपल्या.

कंपनीच्या १९८२ च्या ‘डेडलाइन’ या खेळात एका उद्योगपतीच्या मृत्यूचा तपास आहे. सगळा मजकूर डिस्कवर बसेना, तेव्हा जबान्या, तपासणी अहवाल आणि चक्क गोळ्यांची पुडी खोक्यात घातली गेली. मग तो रिवाजच पडला. लेखक डग्लस ॲडम्स आणि इन्फोकॉमचा स्टीव्ह मेरेट्झ्की यांच्या ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ (१९८४) सोबत एक रिकामी प्लास्टिकची पिशवी मिळे. तिच्यात म्हणे सूक्ष्म अंतराळयानांचा ताफा होता. अडलेल्यांसाठी वेगळी पुस्तिका विकत मिळे. तिच्यातली उत्तरं अदृश्य शाईत छापलेली. खास पेन फिरवावं तेवढीच उमटत.

मेरेट्झ्की आधी बांधकामाच्या धंद्यात होता. त्याच्या ‘प्लॅनेटफॉल’मध्ये (१९८३) फ्लॉइड नावाचा पोरकट यंत्रमानव खेळणाऱ्यासाठी जीव देतो, आणि लोक खरोखर रडले. १९८५ च्या ‘अ माइंड फॉरेव्हर व्हॉयेजिंग’मध्ये त्यानं कोडी जवळजवळ बाजूला ठेवून एका शहराचा राजकारणापायी दशकादशकानं होत गेलेला ऱ्हास दाखवला. ब्रायन मोरिआर्टीचा ‘ट्रिनिटी’ (१९८६) लंडनच्या बागेत सुरू होतो आणि १९४५ च्या न्यू मेक्सिकोतल्या अणुचाचणीपाशी पोचतो. माझ्या मते कंपनीचं शिखर हेच. नंतरच्या वर्षांतले काही खेळ नुसते भरतीचे.

तरी कंपनी खेळांमुळे बुडाली नाही. संस्थापकांपैकी काहींना खेळ म्हणजे तात्पुरती पोटापाण्याची सोय वाटे. खरी प्रतिष्ठा कचेऱ्यांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. खेळांचा पैसा ‘कॉर्नरस्टोन’ या माहितीकोशाच्या प्रोग्रॅममध्ये ओतला गेला. १९८५ मध्ये तो ४९५ डॉलरना बाजारात आला. तोही काल्पनिक यंत्रावरच चाले, म्हणून संथ. आणि कचेऱ्यांत तोवर आयबीएम पीसी बसलेला, तेव्हा सगळीकडे चालण्याचं कौतुक कुणाला? कर्ज वाढलं. १९८६ मध्ये ॲक्टिव्हिजन या खेळांच्या कंपनीनं ती विकत घेतली आणि १९८९ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजमधलं तिचं कार्यालय बंद केलं. तोवर बाजार चित्रांच्या खेळांकडे वळला होता, हेही खरं.

कचेरीच्या मालाला भोवलेली काल्पनिक यंत्राची युक्ती खेळांना मात्र तारून गेली. हौशी लोकांनी झी-मशीनची रचना उलगडली, नवे दुभाषी लिहिले. १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सननं त्याच यंत्रासाठी नवे खेळ रचायला ‘इन्फॉर्म’ ही भाषा केली. ॲक्टिव्हिजन आता मायक्रोसॉफ्टकडे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘झॉर्क’च्या तिन्ही भागांचा सोर्स कोड सर्वांना खुला झाला, तोही एमआयटीचंच नाव असलेल्या परवान्याखाली.

सुट्टीत खेळून पाहा. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, नकाशा आपला आपणच काढावा लागतो. आणि भुयारातला कंदील विनाकारण जाळू नका. त्याची बॅटरी संपते, आणि अंधारात ग्रू नावाचा प्राणी माणसं खातो.