घराचा क्रमांक : अंक कीं नांव ?

इ. स. २०२० च्या टाळेबंदींत आमच्या पेठेंतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांस औषधें पोंचविण्याचें काम कांहीं तरुणांनीं अंगावर घेतलें होतें. पत्त्यांची यादी संगणकांत होती. एके सकाळीं त्यांनीं ‘घर क्रमांक ९५ ते ११५’ अशी मागणी केली, तों संगणकानें कोरी यादी पुढें केली! जणूं त्या घरांतून कोणी राहतच नव्हतें. वास्तविक ‘११२ अ’ मधील आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या आदल्या रात्रींच संपल्या होत्या. आमच्या मातोश्रींस तें ठाऊक होतें म्हणून बरें. एरव्हीं सर्वजण त्या यादीवर विसंबून स्वस्थ बसले असते.

असें कां व्हावें? त्या यादींत घरांचे क्रमांक अंक म्हणून नव्हे, तर अक्षरें म्हणून सांठविलेले होते. अक्षरांचा क्रम शब्दकोशाप्रमाणें लागतो. आधीं पहिलें चिन्ह पाहावयाचें. ‘९५’ चें पहिलें चिन्ह ९ आणि ‘११५’ चें १. तेव्हां ९५ च्या पुढचें आणि ११५ च्या अलीकडचें असें कांहीं उरतच नाहीं. ह्याच न्यायानें १० हा २ च्या आधीं बसतो.

मग सरसकट अंकच कां करूं नयेत? तर ‘११२ अ’ मधील ‘अ’ ची वाट काय? पॅरिस शहरांत इ. स. १८०५ च्या हुकुमानें रस्त्याच्या एका बाजूस सम व दुसऱ्या बाजूस विषम क्रमांक आले. तेथें दोहोंनीं भागून बाकी पाहिली कीं एका बाजूचीं घरें निवडतां येतात. परंतु मागाहून मध्येंच नवें घर उभें राहिलें, तर तेथेंही ‘१२ बिस’ असें शेंपूट जोडावें लागतें. आमच्याकडे आणखी एक अडचण : मराठी २ आणि इंग्रजी 2 हीं संगणकाच्या लेखीं दोन निराळीं चिन्हें होत.

आमच्या धाकट्या सूनबाईंनीं त्याच दुपारीं यादीचे तीन रकाने केले. पहिल्यांत पत्ता जसा लिहितात तसा, दुसऱ्यांत निव्वळ अंक, तिसऱ्यांत ‘अ’, ‘ब’ इत्यादि शेंपूट. निवड दुसऱ्या रकान्यावरून करावयाची आणि पाकिटावर पहिला रकाना उतरावयाचा. संध्याकाळपर्यंत सर्व घरें सांपडलीं.

सोसायटीची वा मंडळाची यादी ठेवणाऱ्या वाचकांनीं एवढें ध्यानांत धरावें : कोरी यादी म्हणजे रिकामीं घरें नव्हेत. आधीं आपल्या ओळखीचें एखादें घर तींत आहे कीं नाहीं, तें पाहावें.