पडद्याच्या रॉडमधला सा

पुण्याच्या जुन्या बाजारात काय मिळतं, हे विचारूच नका. एकाच पायाचा बूट मिळतो, दार नसलेलं कुलूप मिळतं, कुलूप नसलेल्या किल्ल्यांचा जुडगा मिळतो. एका रविवारी सकाळी मी भाचा आणि भाचीला घेऊन तिथं गेलो. खिशात शंभराची एक नोट आणि डोक्यात तीन नियम. शंभरच्या वर एक रुपया नाही. आधीपासून वाद्य असलेली वस्तू घ्यायची नाही. आणि घेतलेल्या वस्तूंतून संध्याकाळपर्यंत वाजवता येईल असं काहीतरी बनवायचं.

"मामा, शंभर रुपयांत शिट्टीसुद्धा धड येत नाही," भाचा म्हणाला.

"शिट्टी चालणारच नाही, ते वाद्य आहे," भाची म्हणाली. नियम पाळायला आणि पाळायला लावायला तिला भारी आवडतं.

दोघं दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारत सुटली. पातेलं, पाना, घमेलं, स्कूटरचं मडगार्ड. एक दुकानदार म्हणाला, "अरे, घ्यायचंय का वाजवायचंय?" पण टिचकी मारल्याशिवाय कळणार कसं? शेवटी पिशवीत आलं ते असं: पडद्याचे दोन पोकळ ॲल्युमिनियमचे रॉड, प्रत्येकी चार फूट, दोन्ही मिळून पन्नास रुपये. सरबताच्या तीन काचेच्या बाटल्या पंधराला. आणि तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा वीसला. उरलेल्या पंधरा रुपयांत एक वडापाव, तिघांत मिळून.

घरी आल्यावर बाटल्यांनीच आम्हाला पहिला चकवा दिला. भाचीनं एका बाटलीत थोडं पाणी घालून चमच्यानं वाजवली. आणखी पाणी घातलं, तर आवाज खाली उतरला. भाच्यानं तीच बाटली ओठांशी धरून फुंकली. आणखी पाणी घातलं, तर आवाज वर चढला! बाटली तीच, पाणी तेच, मग हे उलटंसुलटं कसं? दोघं एकमेकांना खोटं ठरवू लागली.

खरं तर दोघंही बरोबर होती. चमचा मारला की थरथरते ती काच. पाणी तिला चिकटून ओझ्यासारखं बसतं, काच सावकाश हलते आणि स्वर उतरतो. जलतरंगाच्या वाट्यांत पाणी कमीजास्त करतात ते याचसाठी. फुंकलं की मात्र थरथरते ती बाटलीतली हवा. पाणी वाढलं की हवेला जागा कमी उरते, ती भराभर हलते आणि स्वर चढतो. एकाच बाटलीत दोन वाद्यं असतात, फक्त वाजवणारानं ठरवायचं की काच वाजवायची की हवा.

मग रॉड. करवत माझ्या हातात (रॉडच्या कापलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात, तुम्हीही हे काम मोठ्यांनाच सांगा). पहिला तुकडा कापला 40 सेंमीचा. तो जो वाजेल तो आमचा सा, असं ठरवलं. पण तो वाजेचना! भाच्यानं मधोमध मुठीत धरून ठोकला, तर नुसतं 'ठक्'. नळी वाजते तेव्हा ती वाकते आणि उलटी वाकते, आणि सगळ्यात जास्त हलतात तिचा मध्य आणि दोन टोकं. आपण नेमका मध्यच आवळून धरला तर ती हलणार कशी? न हलणाऱ्या जागा दोनच, दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण 22 टक्क्यांवर. म्हणजे 40 सेंमीच्या नळीला 9 सेंमीवर. तिथं चिमटीत धरून टोकावर टिचकी मारली आणि काय सांगू, देवळातल्या घंटेची धाकटी बहीणच घरात आली.

आता वरचा सा हवा. "सोप्पंय," भाचा म्हणाला, "गिटारची तार निम्म्यावर दाबली की वरचा सा येतो. नळी निम्मी करा." मी पण शहाण्यासारखा 20 सेंमीचा तुकडा कापला. वाजवला. 'टिंग!' सा होता, पण एक सोडून जवळजवळ दोन सप्तकं वरचा. चिमणीनं गायल्यासारखा.

चूक माझीच. तार ताणामुळे वाजते, नळी तिच्या स्वतःच्या ताठपणामुळे. लांब पट्टी सहज वाकते, तिचाच आखूड तुकडा वाकवून बघा, बोटं दुखतील. म्हणून नळीत लांबी निम्मी केली की कंपनं दुप्पट होत नाहीत, दोनाचा वर्ग म्हणजे चौपट होतात. वरच्या सा ला तर दुप्पटच पुरतात. मग नळी किती हवी? दोनाचं वर्गमूळ 1.414. त्यानं 40 ला भागा: 28.3 सेंमी. पंचमाला सा च्या दीडपट कंपनं लागतात. दीडचं वर्गमूळ 1.22, म्हणून पंचम 32.7 सेंमी. भाचीनं वहीत सगळं सप्तक मांडलं आणि बेरीज केली. सा पासून वरच्या सा पर्यंत आठ नळ्यांना 269 सेंमी रॉड हवा. आमचे दोन्ही रॉड मिळूनच 244, आणि त्यातले 20 मी 'टिंग'वर उडवलेले.

घरात शांतता. दुसरा रॉड आणायला पैसे नव्हते, आणि आणू असं मी म्हटलंही असतं, पण नियम कुणाजवळ होते ते तुम्हाला माहीत आहे.

तिनं पेन्सिलनं दोन स्वर खोडले, मध्यम आणि निषाद. दुसऱ्या रॉडमधून रे 37.7, ग 35.8 आणि प 32.7 निघाले. पहिल्याच्या उरलेल्या भागातून ध 31 आणि वरचा सा 28.3. मी प्रत्येक नळी आधी किंचित लांबच कापली आणि मग कानशीनं घासत घासत स्वर वर आणला. घासून आखूड करता येतं, लांब करता येत नाही ना!

आंब्याच्या रिकाम्या पेटीवर सुतळीच्या दोन दोऱ्या ताणल्या. मोठ्या नळीखाली त्यांच्यात 22 सेंमी अंतर, छोट्या नळीखाली साडेपंधरा, म्हणजे लांब जाताना रूळ जवळ आल्यासारखे दिसतात तशा तिरक्या. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून काठी केली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात धाडकन आवाज. तेलाचा डबा पडला होता आणि बुडाला पोचा आला होता. भाचा रडवेला झाला, पण वाजवून बघतो तर पोचा आलेल्या जागेचा आवाज निराळा! त्याला सांगितलं, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादमध्ये असंच झालं होतं म्हणतात. तिथं इंग्रजांच्या राज्यात 1884 साली ढोल वाजवायला बंदी आली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे 1930 च्या दशकात बिस्किटांचे, रंगाचे डबे आणि कचऱ्याचे पिंप हाती घेतले. विन्स्टन 'स्प्री' सायमन नावाच्या एका मुलाचा डबा असाच ठोकून ठोकून पोचला. तो सरळ करताना त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक ठोक्याबरोबर स्वर बदलतोय. मग दोनशे लिटरच्या तेलाच्या पिंपाचं बूड ठोकून खोलगट करायचं, त्यावर लहानमोठे भाग पाडायचे, लहान भागाचा स्वर उंच, मोठ्याचा खालचा, असं शास्त्रच तयार झालं. 1951 साली हे लोखंडी पिंपवाले लंडनच्या मोठ्या उत्सवात जाऊन वाजवून आले. त्या वाद्याला स्टीलपॅन म्हणतात, आणि 1992 पासून ते त्रिनिदाद-टोबॅगोचं राष्ट्रीय वाद्य आहे.

"म्हणजे डबा मीच पाडला असता तर..." भाचा म्हणाला. डबा त्यानंच पाडला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

संध्याकाळी मैफल. भाचीकडे नळ्या, भाच्याकडे डबा, माझ्याकडे फुंकायच्या बाटल्या. भाची कसलंही गाणं वाजवत नव्हती, नुसती वर-खाली फिरत होती. पण कुठंही काठी पडली तरी गोडच लागत होतं. आजी आतून हात पुसत आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कुणी शिकवला गं तुला भूप?"

सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. पडद्याचा रॉड अपुरा पडला म्हणून भूप राग! भाची माझ्याकडे बघत राहिली आणि मी रॉडच्या उरलेल्या तुकड्याकडे. तो जेमतेम 16 सेंमीचा आहे. वर्गाच्या हिशेबानं तो दोन सप्तकं वरच्या धैवताच्या जरासा खाली वाजायला हवा. किती घासला तर बरोबर धैवतावर येईल? भाची वही घेऊन बसली आहे आणि भाचा कानस घेऊन.